कोटाच्या टेकडीवर रोम शोधण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर एक मोठी टेकडी आहे. धाराशिव जिल्ह्यातलं गाव, तेरपासून फार लांब नाही. लोक टेकडीला कोट म्हणतात. यंदा येळवशीला शेतात जेवायला गेलो तेव्हा पायथ्याशी लाल मणी, शंखाच्या बांगडीचा तुकडा आणि हत्ती उमटलेली शिशाची एक चकती सापडली. तेरसारखंच हेही तटबंदीचं शहर असेल का? इथूनही रोमशी व्यापार चालायचा का? खात्री कशी करायची?"

तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनकाळातली मोठी बाजारपेठ; त्याकडे पुढे येतोच. आधी थोडक्यात सांगतो. हत्ती उमटलेली शिशाची चकती म्हणजे बहुधा सातवाहनांचं नाणं. एकटं नाणं कुणाच्या कनवटीतून कुठेही पडू शकतं, पण सोबत शंखाची बांगडी आणि लाल मणी असतील तर दोन हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती होती असं धरून चालायला हरकत नाही. तटाचं उत्तर टेकडीच्या कडेला आहे आणि कुदळ न लावताही ते बरंचसं वाचता येतं. रोमचा प्रश्न मात्र मी जरा बदलून घेतो. माल रोमला गेला का, हे नंतर बघू. तो तुमच्या गावातून पुढच्या मुक्कामाला कसा गेला, हे आधी विचारा. मी मराठवाड्यात तीसेक वर्षं खापरं वेचतोय. 'सर, हे रोमन आहे' म्हणून लोकांनी माझ्यापुढे जे ठेवलं, ते बहुतेक सगळं इथलंच निघालं. आणि खरं सांगू? इथलं निघालं म्हणून ते कमी मोलाचं ठरलं नाही.

टेकडी म्हणजे काय, इथून सुरुवात करू. आपल्याकडे गावची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखतात. काळी शेतीची, पांढरी वस्तीची. ही पांढरी खरोखरच पांढुरकी असते, कारण शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, हाडं आणि पडलेल्या मातीच्या भिंती तिच्यात मुरलेल्या असतात. घर पडलं की माणूस ती माती उचलून लांब टाकत नाही. सपाट करतो आणि त्यावरच पुन्हा उभं राहतो. असं वीस-पंचवीस पिढ्या चाललं की नदीकाठी टेकडी तयार होते. तुमची टेकडी अशीच माणसांनी रचलेली आहे की मुळातला डोंगरच, हे आधी तपासा. पायवाटेने किंवा ओघळीने जिथे कड कापली असेल तिथे पाहा. अर्ध्या उंचीवरच मुरूम किंवा पाषाण लागला तर ती नैसर्गिक टेकडी आहे आणि वस्तीचा थर तिच्यावर नुसता पांघरलेला आहे. पायथ्यापर्यंत राखाडी माती आणि खापरंच दिसत असतील तर मात्र तुम्ही खऱ्या पांढरीवर उभे आहात.

या टेकड्यांचं दुर्दैव त्यांच्या मातीतच आहे. माळवदावर टाकायला ही माती उत्तम, शेताला खत म्हणूनही चांगली. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांनी बैलगाड्या भरभरून टेकड्या खाल्ल्या, आता जेसीबी खातो. एका गावी (नाव सांगत नाही) मी पोचलो तेव्हा अर्धी टेकडी आदल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या भरावात गेली होती. जीव हळहळला, पण उरलेली उभी कड म्हणजे आयतीच कापलेली लादी होती. सगळे थर एकावर एक दिसत होते. मी दोन दिवस तिथेच बसून राहिलो. तुमच्या टेकडीला असा काप असेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा दस्तऐवज आहे. तो आणखी खणू नका, त्याचा फोटो काढा.

आता तट. 'कोट' हे नाव खूण आहे, पुरावा नव्हे. मराठवाड्यात जुन्या पांढरीवर पुढच्या काळात देशमुख-पाटलांनी गढ्या बांधल्या, कारण उंच जागा आयतीच मिळत होती. लोकांच्या स्मरणातला कोट अनेकदा हीच गढी असते. गढी ओळखायला सोपी: आटोपशीर, साधारण चौकोनी, कोपऱ्यांना बुरूज, आणि टेकडीच्या माथ्यावर. जुन्या नगराचा तट माथ्यावर नसतो. तो टेकडीच्या कडेकडेने फिरतो, परातीच्या काठासारखा.

इथे एक सापळा आहे आणि त्यात नवखेच नाही, मुरलेलेही अडकतात. गढीच्या भिंती त्याच पांढऱ्या मातीने बांधलेल्या असतात. ती माती कालवली तेव्हा तिच्यातली सातवाहनकाळची खापरं भिंतीतच राहिली. मग कुणीतरी भिंतीतून दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर काढतो आणि तीनशे वर्षांच्या भिंतीला दोन हजार वर्षांची करून टाकतो. भिंतीचं वय तिच्या पोटातल्या सगळ्यात जुन्या खापरावरून ठरत नाही. सगळ्यात नवं खापर कोणतं, ते पाहायचं. भिंत त्या खापराच्या आधीची असू शकत नाही. निम्मी पुरातत्त्वविद्या या एका वाक्यात आहे.

तट पाहायचा तर सकाळी सूर्य उगवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जा. कलत्या उन्हात कडेचा उंचवटा सावली टाकतो. कड आतल्या भागापेक्षा उंच आहे का? टेकडीवर पडलेलं पावसाचं पाणी चहूकडून ओघळतं, की आत साचून एक-दोन ठिकाणांतूनच बाहेर पडतं? दुसरं असेल तर कडेला काहीतरी अडवणारं आहे, आणि ती एक-दोन ठिकाणं कदाचित जुन्या वेशी आहेत. नंतर खाली उतरून टेकडीच्या बाहेरची जमीन पाहा. खंदक बुजला तरी त्याची माती ओल जास्त धरते. रब्बीच्या ज्वारीत एखादा पट्टा टेकडीला समांतर असा जास्त हिरवा, जास्त उंच दिसला तर तो कागदावर काढून ठेवा. शेतमालकाला विचारा, त्याला ते कधीपासूनच माहीत असतं. 'तिथं ज्वारी चांगली येते' एवढंच तो म्हणेल.

कड कुठे कापलेली असेल तर उत्तर आणखी पक्कं मिळतं. वस्तीच्या थरात शेणाने सारवलेल्या जमिनीच्या बारीक रेघा, चुलीची राख, खड्डे, फुटकी मडकी दिसतात. तटाच्या भरावात यातलं काहीच नसतं. काळी चिकण माती, त्यावर मुरूम, पुन्हा चिकण माती, असे चोपून बसवलेले पट्टे दिसतात आणि ते बाहेरच्या बाजूला उतरते असतात. बाहेरून विटांचं अस्तर असेल तर वीट मोजा. सातवाहनकाळची वीट मोठी असते, लांबी हातभर, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या पुढेमागे, आणि जाडी मानाने कमी. तिच्यात भाताचा कोंडा मिसळलेला दिसेल. तेरच्या जुन्या विटा तर इतक्या सच्छिद्र आहेत की पाण्यावर तरंगतात, ही गोष्ट तुमच्या भागात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर पाहिलं असेलच. मागची बाजू अर्धगोल, छप्पर विटांचंच, गजपृष्ठाकार. लेण्यातलं चैत्यगृह उचलून जमिनीवर आणून ठेवावं तसं. वीटकामाचा एवढा जुना नमुना उभ्या अवस्थेत क्वचितच पाहायला मिळतो.

एक शंका मनात ठेवा. नदीच्या बाजूला भराव असेल आणि बाकी तीन बाजूंना नसेल, तर तो शत्रूसाठी नव्हे, पुरासाठी घातलेला बांध असू शकतो.

तटबंदीचं नगर त्या काळी दख्खनमध्ये नवलाची गोष्ट नव्हती. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात दख्खनमधल्या आंध्र लोकांबद्दल लिहितो की त्यांची तट-बुरुजांची ३० नगरं आहेत, १ लाख पायदळ, २ हजार घोडदळ आणि १ हजार हत्ती आहेत. आकडे ऐकीव, बहुधा आणखी जुन्या ग्रीक वृत्तांतावरून उचललेले. पण तेलंगणातल्या धूळिकट्टा आणि कोटिलिंगाला इथे, विदर्भातल्या अडम इथे तटबंदी प्रत्यक्ष उत्खननात सापडली आहे. म्हणजे प्लिनी अगदीच हवेत बोलत नव्हता. तट फक्त लढाईसाठी असतो असंही समजू नका. वेस असली की माल मोजता येतो, आणि माल मोजता आला की जकात घेता येते. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. रांजण खरोखर त्यासाठीच होता की नाही यावर वाद घाला, पण घाटाच्या तोंडाशी जकातच घेतली जात असणार, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि मला त्यात चूक वाटत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, व्यापाराचा. इथे मी रेंगाळणार आहे, कारण इथे आपल्याकडे एक असामान्य साक्षीदार आहे. पहिल्या शतकात, साधारण मध्याला, इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला पेरिप्लस म्हणतात. माणूस हिशेबी. कोणत्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, कुठे गाळात जहाज रुततं, एवढंच त्याला महत्त्वाचं. तो सांगतो की गुजरातेतल्या भडोच बंदराच्या दक्षिणेकडच्या मुलखाला तिथले लोक 'दखिनाबदेस' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत दक्षिणेला 'दखन' म्हणतात. आपला दक्षिणापथ. आणि या मुलखातल्या बाजारपेठांपैकी दोन तो विशेष म्हणून सांगतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, 'फार मोठं नगर'. पैठणहून लाल-तांबूस अकीक भडोचला उतरतो आणि तगरहून पुष्कळ साधं कापड, सर्व प्रकारची मलमल, 'मोलोखिना' नावाचं आणखी एक कापड. शिवाय समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला येणारा इतर मालही. हे सगळं कसं येतं? गाड्यांमधून, मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून.

तगर कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात भरपूर चर्चा झाली. कुणी जुन्नर म्हटलं, कुणी दौलताबाद, रा. गो. भांडारकरांनी बीडकडच्या धारूरकडे बोट दाखवलं. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तेर हेच तगर असल्याचं मांडलं आणि ते टिकलं. त्याचा पडताळा तुम्ही स्वतः घेऊ शकता. नकाशावर पट्टी ठेवा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर भरतं. पैठण ते तेर साधारण १५०. वीस दिवसांत ३५०, दहा दिवसांत १५०. दोन्हीकडे दिवसाची चाल पंधरा ते साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. वाटेची वळणं धरली तर थोडी जास्त. लादलेली बैलगाडी दिवसाला एवढीच चालते, ज्यांनी उसाच्या गाड्या हाकल्यात त्यांना विचारा. दिशा मात्र चुकलीय: तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण त्या दर्यावर्द्याने कधी बैलाची शेपटीही पाहिली नसेल या वाटेवर. त्याने भडोचच्या धक्क्यावर ऐकलं आणि लिहिलं.

आता या गणितात आपलं हवामान घाला. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातून भरलेली गाडी जात नाही. चाकाला चिखल असा धरतो की चाक आणि आरे वेगळे दिसत नाहीत. म्हणजे गाड्या निघायच्या दसऱ्यानंतर, रान वाळल्यावर. तीस दिवस धरले तर कार्तिकात भडोच. इकडे पेरिप्लस सांगतो की इजिप्तची जहाजं जुलैत सुटतात. ती पावसाळी वाऱ्यावर शरद ऋतूच्या सुरुवातीला पोचणार आणि परतीचा ईशान्य वारा धरून हिवाळ्यात निघणार. तेरचा गाडीवान आणि अलेक्झांड्रियाचा तांडेल एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण एकाच पावसाच्या वेळापत्रकावर दोघं चालत होते. हे माझं अनुमान आहे, कुठल्या शिलालेखात लिहिलेलं नाही. मला ते पटतं.

तुम्ही विचाराल, तेरहून भडोच कशाला? कल्याण-सोपारा जवळ नाही का? बरोबर. पेरिप्लसकारानेही याचं कारण दिलंय. कल्याण हे पूर्वी रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे अडथळे आले. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जायचं. मागे चाललेलं होतं गुजरातेकडचे क्षत्रप राजे आणि सातवाहन यांचं भांडण. त्या भांडणाचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे सापडला: क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यातल्या बहुतांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शेजारच्याचं घर जिंकून दारावर आपली पाटी लावावी तसं. अशा ओढाताणीत तेरच्या विणकराला वीसेक दिवसांऐवजी तीस दिवसांच्या बाजारावर अवलंबून राहावं लागलं असणार. राजकारणामुळे शेतमालाला लांबची मंडी गाठावी लागणं हे आपल्याला नवं नाही.

तेर ते पैठण, पैठणहून उत्तरेला घाट उतरून खानदेश, मग तापीच्या खोऱ्याने गुजरात. या वाटेवर काय काय आहे ते पाहा. कन्नडच्या पुढे पितळखोरा लेणी आहेत. तिथल्या एका खांबावर कोरलंय की हा खांब पैठणच्या मितदेवाने, गांधिक कुळातल्या माणसाने दान दिला. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. अजिंठ्याच्या अलीकडे केळणा नदीकाठी भोकरदन आहे, जुनं भोगवर्धन. तिथल्या माणसांची नावं थेट मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दाते म्हणून कोरलेली आहेत. विचार करा, जालना जिल्ह्यातला एक माणूस सांचीला जाऊन दान देतो आणि आपल्या गावाचं नाव लिहवून येतो. मला लांब पल्ल्याच्या व्यापाराचा याहून जिवंत पुरावा नको आहे. रोम तर नंतर येतं.

तगरचं कापड मात्र आज तेरला सापडत नाही, सापडणारही नाही. आपल्या मातीत आणि पावसात कापड टिकत नाही. ते सापडलं तिकडच्या टोकाला. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथल्या कोरड्या वाळूत सुती कापडाचे तुकडे टिकले. ते भारतीय कशावरून? पिळावरून. इजिप्तमध्ये सूत कातताना पीळ एका दिशेने पडायचा, इंग्रजी 'एस'च्या मधल्या रेघेसारखा. भारतात उलट दिशेने, 'झेड'च्या रेघेसारखा. हाताची सवय दोन हजार वर्षांनीही धाग्यात दिसते. हे तुकडे तेरचेच, असं कुणी सांगू शकत नाही. तुमच्या टेकडीवर कापड शोधू नका, चात्या शोधा, म्हणजे सूत कातायच्या टकळीच्या चकत्या. भाजलेल्या मातीची, मधोमध भोक असलेली, सुपारीएवढी किंवा थोडी मोठी. लोक तिला मणी समजून फेकून देतात. एका ठिकाणी पाच-पन्नास चात्या मिळाल्या तर मला कळवा, नाण्याच्या आधी त्या कळवा.

लाल मण्यांचंही तसंच. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक तयार होतो आणि गोदेच्या वाळूत वाहत येतो. तो बहुधा फिकट, पिवळट असतो. भट्टीत हळूहळू तापवला की त्यातलं लोह लाल होतं. म्हणून लाल मणी सापडणं ही सुरुवात झाली. तो तिथे घडवला की फक्त वापरला, हे कळायला अर्धवट मणी, न भोक पाडलेले गोळे आणि टवके शोधा. टवके म्हणजे कारखाना. भिंगातून भोक पाहा: दोन्ही बाजूंनी पाडून मधे जुळवलेलं असतं, कधी कधी ते नीट जुळत नाही आणि मधे पायरी राहते. कारागिराची ती चूक मला नेहमी त्याच्या सहीसारखी वाटते. शंखाची बांगडी तर समुद्राचीच साक्ष आहे. शंख आपल्या तेरणा नदीत होत नाही. मण्यांत एखादा गडद निळा, आत सोनेरी ठिपके असलेला दिसला तर तो लाजवर्द असू शकतो. त्याच्या खाणी अफगाणिस्तानात बदख्शानला.

आणि आता 'रोमन' खापर. लोक तीन गोष्टी आणून दाखवतात. पहिली, आतून गोल गोल टिंबांच्या रांगा असलेली गुळगुळीत राखाडी थाळी. पुरातत्त्वज्ञ व्हीलर यांनी १९४५ साली पुदुचेरीजवळच्या अरिकामेडूला खणलं तेव्हा हिला रोमन वळणाची मानलं गेलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी मातीची तपासणी केली आणि धागा बंगालच्या बाजूला, गंगेच्या मुखाकडे गेला. दुसरी, तकतकीत लाल भांडी. तीही आता गुजरातेकडची मानतात. तिसरी, मोठ्या कुंभाचे जाड तुकडे. हे खरोखर बाहेरचे असू शकतात, पण बाहेरचे म्हणजे रोमचे असं नाही. आतून काळं डांबर फासलेलं असेल तर तो कुंभ इराण-इराकच्या बाजूचा, टॉर्पेडो जार म्हणतात त्याला. भारतातल्या किती तरी संग्रहालयांत हे तुकडे पूर्वी रोमन अँफोरा, म्हणजे दारू-तेलाचे कुंभ, म्हणून मांडले गेले होते. इटलीच्या काही अँफोरांच्या मातीत ज्वालामुखीची काळी चमकदार वाळू दिसते, ताज्या तुटलेल्या कडेवर मीठ-मिरी सांडल्यासारखी. पण सांभाळून, आपला मुलूखही ज्वालामुखीचाच आहे, आपल्या खापरांतही काळे कण असतातच. यासाठी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

खापर वाजवून पाहायला मात्र शिका. नीट भाजलेलं खणखणतं, कच्चं भद्द बोलतं. तेर गोरोबाकाकांचं गाव. थापटणं घेऊन त्यांनी संतांच्या डोक्यांवर मारून कुणाचं मडकं कच्चं ते पाहिलं, ती गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या धंद्यात रोज तेच करतो आम्ही, फक्त डोक्यांवर नाही.

म्हणजे रोम नाहीच का? आहे, पण वेगळ्या रूपात. तेरला मातीच्या चकत्या सापडल्या आहेत, त्यांवर रोमन नाण्याच्या छापाची नक्कल आहे आणि गळ्यात घालायला वर कडी किंवा भोक आहे. म्हणजे सोन्याचं नाणं परवडत नव्हतं त्याने मातीचं गळ्यात घातलं. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत काढलेल्या मूर्ती आहेत. साच्याचं तंत्र बाहेरून शिकलेलं असावं, चेहरे-दागिने इथलेच. आणि हस्तिदंताची ती प्रसिद्ध स्त्रीप्रतिमा. तेरच्या संग्रहालयात जा, तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकड्यांवरून आयुष्यभर गोळा केलेल्या हजारो वस्तूंवर ते उभं आहे. पदवी नसलेल्या माणसाने नुसत्या आवडीने केवढं काम करावं, ते तिथे दिसतं.

१९३८ साली इटलीत पाँपेईला खणताना तशीच हस्तिदंती भारतीय स्त्री मिळाली, वीतभर उंचीपेक्षा थोडी जास्त. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत शहर गाडलं गेलं, त्यामुळे ती त्याआधी तिथे पोचली होती हे नक्की. पुढे १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी भोकरदनला उत्खनन केलं, तिथेही तशाच शैलीतली, मोडकी हस्तिदंती प्रतिमा मिळाली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी यावरून पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असं मांडलं. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाला खरोष्ठीतलं 'शि' हे अक्षर आहे. खरोष्ठी वायव्येकडची लिपी, म्हणून काहीजण भोकरदनवर शंका घेतात. पण नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी तिन्ही लिप्या आहेत आणि भडोच त्याच्याच ताब्यात होतं. वाटेतल्या एखाद्या वखारीत कुणी खूण केली असेल. मला हे मान्य होण्यासारखं वाटतं, सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

उलट दिशेने काय आलं? भडोचला उतरणाऱ्या मालात पेरिप्लसकार दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, कच्ची काच आणि सोन्या-चांदीची नाणी मोजतो. राजासाठी वेगळ्या चैनीच्या वस्तू. शिसं या यादीत आहे म्हणून तुमच्या हातातल्या नाण्याचं शिसं समुद्रापारचं आहे असं लगेच म्हणू नका, शिसं इथेही निघत होतं. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि तो प्रयोगशाळेत सुटू शकतो.

आणखी एक गैरसमज. व्यापार आटला म्हणजे गाव ओस पडलं, असं नाही. चालुक्य राजा पुलकेशी दुसऱ्याच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. तेव्हा तुमच्या टेकडीवरही वरच्या थरात नंतरची खापरं असतील, ती 'नवीन' म्हणून फेकू नका.

आता करायचं काय ते. खणू नका. हा उपदेश नाही, कायदा आहे, आणि खणलेला खड्डा परत भरून येत नाही. नाणं घासू नका, लिंबू लावू नका, तेल तर अजिबात नको. शिसं हाताळल्यावर हात धुवा. कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, जागा, कुणाच्या शेताच्या कोणत्या बांधाला, हे लिहा. जागा नसलेलं नाणं माझ्या दृष्टीने निम्मं नाणं. जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे, त्यात दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. दहा रुपयांचं हसू येईल, पण तहसील कार्यालयात एक अर्ज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला त्याची एक प्रत द्या. पोच घ्या. सापडलेलं लपवलं की गावात सोन्याच्या हंड्याची अफवा उठते आणि मग रात्री कुणीतरी टेकडी खणून ठेवतं, हे मी पाहिलंय.

मला पाठवायचं असेल तर चार गोष्टी पाठवा. नाण्याच्या दोन्ही बाजूंचा तिरप्या उजेडातला फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. कडेला 'रञो' (म्हणजे राजाचं) अशी ब्राह्मी अक्षरं दिसली तर त्या बाजूचे दोन-तीन फोटो. टेकडीच्या कापलेल्या कडेचा समोरून फोटो. आणि टेकडीच्या काठाकाठाने चालून मोजलेली पावलं, चारी दिशांची वेगवेगळी, कुठे कड उंच आहे आणि कुठे खचली आहे त्या खुणांसह. तुम्ही शेतातले आहात, तुमचं पाऊल किती लांबीचं आहे तेही एकदा मोजून कळवा.